कोडाच्या डागावर रंग लावायच्या आधी: कातडी कशी तयार करायची आणि जोरात का घासायचं नाही

सेल्फ-टॅनर म्हणजे उन्हात न बसता कातडी तपकिरी करणारं लोशन. परदेशात गोरे लोक सावळं दिसायला ते लावतात, आणि आपल्या गावात कुणाला हे सांगितलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "वावरात राबून आमी असेच काळे होतो, आमाले ते कायले पाहिजे?" बरोबरच आहे. पण ह्याच लोशनचा एक उपयोग असा आहे की तो आपल्या गावागावातल्या लोकांच्या कामाचा आहे, आणि तो म्हणजे कोड, पांढरे डाग. त्या डागावर हे लोशन नीट लावलं तर डाग आजूबाजूच्या कातडीशी बऱ्यापैकी जुळतो, घामानं पावडरसारखा वाहून जात नाही, एकदा मुरला की कपड्याला लागत नाही आणि पाच-सात दिवस टिकतो. त्वचारोगाचे डॉक्टर स्वतः हे सुचवतात, त्याला ते कॅमोफ्लाज म्हणतात, म्हणजे डाग बरा नाही होत, फक्त दिसत नाही.

कुणी डाग झाकावे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. माझी मामेबहीण वर्षानुवर्षं तशीच बिनधास्त फिरते आणि लग्नसराई आली की लावते, कारण मांडवात पन्नास बायकांना उत्तरं देत बसायचा तिला कंटाळा येतो. तिनंच मला पहिल्यांदा विचारलं होतं, "वजरीनं चांगलं रगडून काढलं तं रंग जास्त धरन का वं?" (वजरी म्हणजे अंग-टाचा घासायचा खरखरीत दगड.) हा लेख त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे असं समजा, कारण उत्तर दोन्हीकडून अडचणीचं आहे, घासलं नाही तर रंग ठिपक्याठिपक्यांचा उठतो आणि जास्त घासलं तर कोडच वाढू शकतं.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट पक्की करा की तो डाग कोडाचाच आहे. आपण ज्या भागात राहतो तिथं वर्ध्याजवळ दत्तपूर, अमरावतीला तपोवन, वरोऱ्याला आनंदवन उभं राहिलं ते उगाच नाही, कुष्ठरोग आपल्याकडून अजून पूर्ण गेलेला नाही, गडचिरोली-चंद्रपूरकडं अजूनही पेशंट निघतात. कुष्ठरोगाचा चट्टा सहसा दुधासारखा पांढरा नसतो, फिकट किंवा लालसर असतो, आणि मुख्य म्हणजे तिथं स्पर्श कमी कळतो, गरम-गार कळत नाही, घाम येत नाही. कोडात स्पर्श एकदम शाबूत असतो. चट्टा सुन्न वाटला तर रंगबिंग बाजूला ठेवून सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, आशाताईला सांगा, एमडीटीच्या, म्हणजे कुष्ठरोगावरच्या, गोळ्या फुकट मिळतात आणि रोग पूर्ण बरा होतो, उशीर केला की नसा खराब होतात. अंगावर पाठीला-छातीला बारीक कोंडा असलेले फिकट ठिपके असतील तर ते बहुतेक शिबं असतं, ती बुरशी आहे, ती औषधानं जाते. त्यावर रंग लावून काही अर्थ नाही. म्हणून आधी एकदा डॉक्टरला दाखवा, नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूरच्या सरकारी मेडिकलमध्ये किंवा सेवाग्रामच्या दवाखान्यात त्वचारोग विभाग आहे.

आता कातडीचं बघू. आपल्याला जी दिसते ती सगळ्यात वरची कातडी जिवंत नसते. मेलेल्या चपट्या पेशींचे साधारण १५ ते २० थर एकावर एक बसलेले असतात, त्यात केराटिन नावाचं प्रोटीन भरलेलं असतं, तेच प्रोटीन नखात आणि केसात असतं. हातापायावर-पोटावर हा थर मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या भागाएवढाच जाड असतो, तळहात-तळपायाला मात्र कितीतरी जाड. खालून नवीन पेशी वर येत राहतात, वरच्या झडत राहतात, तरुण माणसात ही एक फेरी साधारण महिन्याभराची. उन्हाळ्यात पाठ सोलते तेव्हा हाच थर एकदम निघताना दिसतो, एरवी तो रोज न दिसता झडतो.

सेल्फ-टॅनरमध्ये जो मुख्य घटक असतो त्याचं नाव डायहायड्रॉक्सीअॅसिटोन, छोटं नाव डीएचए. ही एक साधी, बिनरंगी साखर आहे. कातडीच्या त्या मेलेल्या थरातल्या अमिनो आम्लांशी तिची क्रिया होते आणि तपकिरी रंग तयार होतो, दोन-चार तासांत दिसायला लागतो आणि एक दिवसभर गडद होत जातो. ह्याचा शोध पण दवाखान्यातलाच. १९५०च्या दशकात अमेरिकेत सिनसिनाटीच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये ईव्हा विटगेनस्टाइन नावाच्या संशोधक बाई एका वेगळ्याच आजारासाठी मुलांना डीएचए पाजत होत्या, मुलांनी ते थुंकलं की जिथं कातडीवर सांडलं तिथं तपकिरी डाग पडायचे पण कपड्यावर पडायचे नाहीत. बाईंनी ते पाण्यात कालवून स्वतःच्या अंगावर लावून पाहिलं, आणि १९६० मध्ये 'सायन्स' नियतकालिकात त्यावर लेख आला. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, १९७०च्या दशकात कातडीवर बाहेरून लावायला त्याला मान्यता दिली.

कोडात नेमकं काय होतं तर कातडीला रंग देणाऱ्या मेलॅनोसाइट नावाच्या पेशी त्या जागी नष्ट होतात, शरीराची प्रतिकारशक्तीच चुकून त्यांच्यावर उलटते. मासे खाऊन वर दूध प्यायल्यानं हे होत नाही, हात लावल्यानं, एका ताटात जेवल्यानं होत नाही, कुणाच्या शापानं तर नाहीच. आणि डीएचएला त्या रंगपेशींची गरजच नसते, त्याला फक्त वरचा मेलेला थर पाहिजे आणि तो डागावर असतोच. म्हणून ते कोडावर काम करतं.

मेंदीचं आठवा. तीच मेंदी, त्याच कोनातली, तळहातावर गर्द रंगते आणि मनगटाच्या वर गेली की फिकी पडते, कारण मेंदीचा रंगही केराटिनलाच धरतो आणि तळहाताला तो थर जाड. डीएचएचं अगदी तेच. जिथं मेलेली कातडी जाड आणि कोरडी तिथं रंग जास्त बसणार, जिथं पातळ तिथं कमी. आता कोड कुठं येतं ते पाहा, कोपर, गुडघा, घोटा, बोटांचे सांधे, म्हणजे नेमक्या त्याच जागा जिथं शेणसडा, निंदण, जमिनीवर बसून काम करून कातडी जाड झालेली असते. मामेबहिणीच्या कोपरावर तसंच लोशन लावलं होतं तेव्हा डागाच्या मधोमध जिथं सुरकुत्या आहेत तिथं तपकिरी रेघा उठल्या आणि कडेला फिकट राहिलं, म्हणजे डाग झाकायचा सोडून लोकांची नजर तिकडंच जाईल असा. ती जुनी, अर्धवट सुटलेली कातडी आधी काढली असती तर रंग सारखा बसला असता आणि जास्त दिवस टिकला असता, कारण जी पेशी उद्याच झडणार आहे तिच्यावर रंग लावला की रंगही उद्याच जाणार.

इथपर्यंत ऐकलं की हात आपोआप वजरीकडं जातो. तो थांबवा.

१९व्या शतकात हाइनरिच कोबनर नावाच्या जर्मन त्वचारोगतज्ज्ञानं सोरायसिसच्या, म्हणजे कातडीवर लाल, खवल्यांचे चट्टे येणाऱ्या आजाराच्या, पेशंटमध्ये पाहिलं की जिथं कातडीला जखम होते तिथं तोच आजार नव्यानं उठतो. ते कोडातही होतं, त्याला डॉक्टर कोबनर फेनॉमेनन म्हणतात. खरचटणं, भाजणं, सतत घासलं जाणं, घट्ट दाब, ह्या कशानंही चांगल्या कातडीवर नवीन पांढरा डाग येऊ शकतो. आपल्याकडं हे रोज बघायला मिळतं पण कुणी जोडून बघत नाही, परकराचा नाडा करकचून बांधतात तिथं कमरेभोवती डागांची रेघ, चपलेच्या पट्ट्याखाली डाग, कापूस वेचताना वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना ओरबाडतात तिथं नखाशेजारी डाग, तुरीच्या धसकटानं पोटरी खरचटली तिथं लांबोळका डाग. मग अशा माणसानं वजरी, नायलॉनची घासणी, काथ्या, जाड मीठ घेऊन डाग रगडला तर तो स्वतःच्या हातानं कोडाला जागा करून देतो. आणि कोड नसलं तरी आपल्या सावळ्या कातडीचा स्वभाव असा की घासून लाल केली की ती नंतर काळी पडते, नायलॉनच्या घासणीनं वर्षानुवर्षं रगडणाऱ्यांच्या हाडावरच्या जागा, गळ्याची हाडं, नळ्या, खांदे, काळपट झालेले असतात आणि ते मळ समजून अजून घासतात.

म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की आपल्याला कातडी सोलायची नाही, फक्त जी आधीच सुटलेली आहे तिला निघायला मदत करायची आहे. आणि कोड सध्या वाढत असेल, मागच्या काही महिन्यांत नवीन डाग आले असतील, जुन्याच्या कडा पसरत असतील, तर ही घासाघाशी अजिबातच करू नका, आधी औषधानं ते थांबू द्या.

काय वापरायचं तर सगळ्यात चांगलं म्हणजे जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड, जुन्या धोतराचा किंवा नऊवारीचा तुकडा. नवा टर्किश टॉवेल नको, त्याचे फासे खरखरीत असतात. रंग लावायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी करा, त्याच दिवशी नको, म्हणजे कातडीला शांत व्हायला रात्र मिळते. कोमट पाण्यात ती जागा पाच-दहा मिनिटं भिजू द्या, पाणी कढत नको. मग ओलं कापड बोटाभोवती गुंडाळून गोल गोल फिरवायचं, जोर किती तर बाळाचं तोंड पुसताना जेवढा लावतो तेवढाच, एका जागी अर्धा-एक मिनिट. कापडावर बारीक मळकट-पांढऱ्या वळ्या आल्या की समजायचं की निघालं, आणि नाही आल्या तरी चालतं, काही निघायला पाहिजे असा हट्ट धरायचा नाही. कातडी गुलाबी दिसायला लागली किंवा चुरचुरली तर जास्त झालं, तिथंच थांबा. कोडाच्या डागावर लाली पटकन दिसते, ती एका अर्थानं सोय आहे, बाजूच्या सावळ्या कातडीवर ती दिसत नाही म्हणून तिथं चुरचुरण्याकडं लक्ष ठेवायचं.

टाचा आणि तळपायाच्या कडा कापडानं मऊ होणार नाहीत, त्यासाठी १० टक्के युरियाचं क्रीम मेडिकलमध्ये मिळतं, ते आठ-दहा दिवस रोज रात्री लावलं तर जाड कातडी आपोआप नरम पडते, भेगा चिरलेल्या असतील तर मात्र झोंबतं. (हे क्रीमच घ्यायचं, खताच्या पोत्यातला युरिया पाण्यात कालवून कुणीही लावू नका.) बेसन, मसूरडाळीचं पीठ, उटणं हे चांगल्या कातडीला ठीक आहे, वस्त्रगाळ असेल तर, पण कोडाच्या डागावर मी ते घासू देणार नाही, घरच्या जात्यावरच्या पिठात कण टोकदार राहतात. लिंबू तर मुळीच नको, लिंबाचा रस कातडीवर राहून ऊन लागलं की फोड येतात आणि काळे चट्टे पडतात.

बावची आणि बिबा ह्या दोघांबद्दल थोडं जास्त बोलावं लागेल कारण आपल्याकडं कोडाचं नाव काढलं की कुणीतरी वैदू ह्यातलं एक हातात देतोच. बावचीच्या बियांत सोरालेन नावाचं द्रव्य असतं, ते खरंच कोडाच्या उपचारात वापरतात, पण डॉक्टर ते मोजून देतात आणि त्यावर प्रकाशही मोजून देतात. बावचीचं तेल चोळून आपल्या मे महिन्याच्या उन्हात बसलं, जिथं चंद्रपूर-अकोल्याला पारा ४५च्या वर जातो, तर भाजल्यासारखे मोठे फोड येतात, आणि फोड म्हणजे जखम, जखम म्हणजे पुन्हा कोबनर. बिब्याचं तेल तर सरळ कातडी जाळतं. "वरची कातडी जळून गेली की खालून चांगली येते" असं जे सांगतात ते कोडाच्या बाबतीत एकदम उलटं आहे, जळलेल्या जागी पांढरं अजून पसरू शकतं.

टिकलीचं पण सांगते. टिकलीच्या मागच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल नावाचं रसायन असू शकतं, ते रंगपेशींना विषारी ठरतं, कपाळावर टिकलीच्या जागी गोल पांढरा डाग पडलेल्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. स्वस्त रबरी चपला, केसांचा काळा रंग, काळी मेंदी, ह्यातल्या रसायनांनीही असे डाग येतात. कारण चालूच ठेवून वरून रंग लावत राहिलात तर डाग वाढत जाणार, म्हणून टिकली सोडून कुंकू लावा, चप्पल बदला.

दुसऱ्या दिवशी लावायचं. शक्यतो रात्री, जेवणं-भांडी सगळं आटोपल्यावर, कारण नंतर पाच-सहा तास तिथं पाणी, घाम काही लागायला नको आणि आपल्या उन्हाळ्यात दिवसा ते शक्य नाही. जागा धुवा पण साबण नको, आणि खारपाणपट्ट्यात राहत असाल, अकोला, दर्यापूर, शेगावकडं, तर तिथल्या खाऱ्या-जड पाण्यात साबणाचा चिकट थर कातडीवर बसून राहतो आणि रंग त्यावर कमी-जास्त धरतो, शेवटचं धुणं प्यायच्या गोड पाण्यानं करा, तांब्याभर पुरतं. तेल, व्हॅसलीन त्या दिवशी डागावर नको, तेलाचा थर डीएचएला आत जाऊ देत नाही. पूर्ण कोरडं करा, पाण्याचा थेंब राहिला की तिथं पट्टा उठतो. कोपर-गुडघा-घोट्याच्या सुरकुत्यांत मात्र साधं मॉइश्चरायझर अगदी नावाला लावायचं, म्हणजे त्या जागा रंग जास्त पिणार नाहीत.

लोशन हातानं फासू नका, कानातल्या कापसाच्या काडीनं लावा, डागाच्या मधून सुरुवात करून कडेपर्यंत आणि कडेच्या किंचित आत थांबायचं, कारण चांगल्या कातडीवर गेलं तर ती अजून गडद होते आणि डागाभोवती काळी कडी दिसते. पहिल्यांदा पातळ एकच हात. बाजारातल्या लोशनमध्ये डीएचए साधारण ३ ते ५ टक्के असतं, गडद शेडमध्ये जास्त, युरोपात १० टक्क्यांच्या वर ठेवायला बंदी आहे, आणि आपल्या सावळ्या रंगाशी जुळायला एका हातात भागत नाही, पण घाई करून जाड थर दिला तर रंग नारिंगी होतो, त्यापेक्षा दुसऱ्या रात्री उजेडात बघून दुसरा पातळ हात द्या. ओठ, डोळ्याजवळ, गुप्तांगावर लावायचं नाही. झाल्यावर हात लगेच साबणानं धुवा, नाहीतर तळहात सकाळी तपकिरी झालेले सापडतील, पंधरा-वीस मिनिटं पंख्याखाली सुकू द्या आणि त्या रात्री जुनी चादर घ्या. सगळ्यात पहिल्या वेळी मात्र हे सगळं करायच्या आधी हाताच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर लावून दोन दिवस बघा, खाज-पुरळ आली तर ते लोशन नको, बऱ्याचदा त्यातल्या सुगंधाचीच अॅलर्जी असते.

डॉक्टरकडं लाईटचे उपचार चालू असतील तर त्यांना न विचारता लावू नका, रंगाचा थर थोडाफार प्रकाश अडवतो. मेडिकलवाल्यानं दिलेली स्टिरॉइडची ट्यूब कुणी महिनोन्महिने चोळत असेल तर तिथली कातडी पातळ झालेली असते, लाल शिरा दिसतात, तिथं ओलं कापड फिरवणं पण जास्तच होतं.

आणि रंग चढला म्हणजे ऊन लागणार नाही असं धरून चालू नका, कारण हा रंग मेलॅनिनसारखं, म्हणजे कातडीच्या स्वतःच्या रंगासारखं, संरक्षण देत नाही, त्याचा एसपीएफ (ऊन अडवण्याचं माप) ३-४च्या वर जात नाही आणि तोही काही तासांपुरता. कोडाची कातडी उन्हात पटकन भाजते. वावरात जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, दुपट्टा, उघड्या डागावर सनस्क्रीन, आणि लावल्यानंतरचा पहिला दिवस तरी शक्यतो सावलीत.

चार-पाच दिवसांनी रंग सारखा उतरत नाही, हातावर सगळ्यात आधी जातो कारण भांडी, कपडे, सारवण सगळं त्याच हातानं, आणि कोपरावर ठिपके राहतात. तेव्हा राहिलेले ठिपके घासून काढायचा मोह होतो. त्याऐवजी त्या रात्री खोबरेल तेल लावून ठेवा, सकाळी कोमट पाण्यानं भिजवून त्याच मऊ कापडानं पुसा, राहिलं तर राहू द्या, दोन दिवसांत ती पेशी तशीही झडणार आहे. आठवड्यात एकदाच्या वर कापड फिरवायचं नाही. दर वेळी कापड फिरवताना डागाची कड एकदा नीट बघून घ्या, उजेडात मोबाईलनं फोटो काढून ठेवला तर अजून चांगलं, कारण कड मागच्या महिन्यापेक्षा बाहेर सरकलेली दिसली तर लोशनची बाटली ठेवून तो फोटो डॉक्टरला दाखवायचा.